उमेदवाराचा हुकूम

नांदेड,
१८ नोव्हेंबर २०२४

महानंदाअक्कास, शरणार्थ.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन असताना मी पत्र का लिहितो, असं तू विचारशीलच, म्हणून कारण आधीच सांगतो. फोनवर तू "जेवलास का" विचारतेस, मी "हो" म्हणतो, मग आपण दोघं आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलतो आणि फोन ठेवतो. विचारायचं ते राहूनच जातं. शिवाय सोबतचे कागद तुझ्या मेसमधल्या मुलींसाठी आहेत, आणि त्यांचे फोन रविवारपर्यंत भरती अकादमीच्या कपाटात असतात, हे तूच सांगितलं होतंस.

मी मुलांसाठी एक कादंबरी लिहितो आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. पंचवीस वर्षं वर्गात खरा इतिहास शिकवल्यावर माणसाला एखादा खोटा इतिहास रचावासा वाटतो, एवढंच समज.

गोष्ट अशी. ढगांच्या वर नभकोट नावाचा किल्ला आहे. त्याचं रक्षण करायला नभकोट दल आहे. त्यांची विमानं म्हणजे 'घारी'. त्यांचा शत्रू म्हणजे 'काजळी', वितळलेल्या अंधारासारखी, फटीतून आत शिरणारी. दलात सगळ्यात वर नभपती. त्याच्या खाली किल्लेदार, मग नाईक, मग पहारेकरी. आणि सगळ्यात खाली उमेदवार.

हा शेवटचा हुद्दा मी आपल्या आजोबांकडून घेतला. निजामाच्या राज्यात उदगीरच्या तहसिलीत ते उमेदवार होते ना? काम पूर्ण, पगार शून्य, बसायला चटई, आणि वरचा कोणी निवृत्त होईल ही आशा. माझ्या दलातही तसंच. उमेदवाराला शस्त्र नाही. शेजारी पहारेकरी बसल्याशिवाय घार चालवायची नाही. त्याला कोणी नावाने हाक मारत नाही, "उमेदवार, दिवा धर" एवढंच म्हणतात. आणि मुख्य नियम : उमेदवाराने कधीही, कुणालाही हुकूम द्यायचा नाही.

माझी नायिका रेवा अशीच एक उमेदवार आहे. पहिली चार प्रकरणं पाठवतो आहे. रात्रीच्या जेवणानंतर मुलींना वाचून दाखवशील? पोलीस भरतीच्या मैदानावर त्यांनाही कर्ण्यावरून "उमेदवारांनी रांगेत उभे राहावे" असंच म्हणतात, म्हणून त्यांचं मत मला हवं आहे. खरं मत. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. (हे वाक्य मी दोनदा खोडलं. बरं वाटलेलं मला आवडतं. ते नाकारणं खोटेपणा होईल. तरीही.)

तुझा,
राजशेखर

—

लातूर,
२५ नोव्हेंबर

चि. राजू,

तुझं जाडजूड पाकीट बघून पोस्टमन म्हणाला, "काकू, कोर्टाचं हाय का?" मी म्हणाले, "न्हाई, चुलतभावाचं हाय. उत्तर द्यावं लागतंय ते दोन्हीकडं सारखंच."

तीन रात्री वाचन झालं. भांडी घासायची पाळी असलेल्या पोरी बी भांडी टाकून बसल्या, म्हणजे मला घासावी लागली; त्याचा हिशोब तुझ्या नावावर. आता मतं ऐक. एक म्हणाली, "त्या नभपतीला हात न्हाईत का? सोताचा दिवा सोता धर की." दुसरी म्हणाली, आमच्या अकादमीचा सर बी असाच हाय, फक्त तो दिव्याऐवजी शिट्टी धरायला देतो. गोळाफेकवाल्या दोघींना रेवा लई बारीक वाटली. "तिला आधी जेवू घाला" असा ठराव झालाय.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुझ्या दलात नव्या माणसाचं तोंड बंद. आमच्या मेसचा रिवाज उलटा हाय. आमटी झाली की पहिला घोट सगळ्यात नव्या पोरीनं घ्यायचा. जुन्या पोरींना माझ्या हाताची सवय झालेली. मी मीठ विसरले तरी मुकाट गिळतात. माझी जीभ तर दिवसभर चाखून चाखून मेलेली. नवीच्या जिभेला खरं कळतं. ती "थांबा काकू" म्हणाली की पंगत थांबते. सध्या नवी म्हणजे मुदखेडकडची वीस वर्षांची तनुजा. पहिल्याच दिवशी उभी राहून म्हणाली, "थांबा काकू. ह्याच्यात मीठच न्हाई." सगळ्या जुन्यांच्या माना खाली. आठ दिवस अळणी खाऊन राहिल्या होत्या, बोलली कोणी न्हाई.

तनुजाचे काही प्रश्न हायेत. रेवाला घार शिकवताना शेजारचा पहारेकरी ओरडतो का? क्लच सोडताना, म्हणजे घारीला जे काय असंल ते सोडताना, तिचा डावा पाय थरथरतो का? आणि तिचं वय किती धरलंस? थोडं जास्त असलं तर उमेदवार म्हणून घेतात का? नीट उत्तर दे. ती वाट बघून राहिली.

डबे पोचवणं चालू हाय. आपला छोटा हत्ती टेम्पो अजून बसवंतच चालवतो. पण तो पाडव्यानंतर हैदराबादला मेहुण्याकडं जाणार म्हणतो. बघू पुढचं पुढं.

तुझी,
महानंदाअक्का

—

नांदेड,
३ डिसेंबर

महानंदाअक्कास, शरणार्थ.

तुझं पत्र वाचताना मी स्टाफरूममध्ये मोठ्याने हसलो. शेजारच्या भूगोलाच्या सरांना वाटलं, महागाई भत्ता वाढला.

तनुजाला सांग, घारीला क्लच आहे की नाही याचा मी विचारच केला नव्हता. ही माझी चूक. जो स्वतः कधी सायकलच्या पलीकडे गेला नाही, त्याने विमानं उडवायला बसू नये. आता पाचव्या प्रकरणात घारीला क्लच दिला आहे, रेवाचा डावा पाय थरथरतो आहे आणि शेजारचा पहारेकरी डोळे मिटून देवाचं नाव घेतो आहे. हे बरोबर वाटतं का, ते तिला विचार.

वयाच्या प्रश्नावर मात्र मी बराच वेळ अडलो. वीस वर्षांच्या मुलीला वय जास्त असल्याची भीती का वाटावी? मग वाटलं, भरतीला वयाची अट असते, आणि बहुधा तिची ही शेवटची संधी असेल. पाय थरथरतात म्हणजे धावण्याचीच धास्ती. मी बरोबर ओळखलं ना? तिला म्हणावं, नभकोट दलात वयाची अट नाही. असा नियम आज तिच्यासाठी लिहून टाकला. नियम करण्याइतकं सोपं काम दुसरं नाही, हे मला आता कळतंय. सरकारचा राग थोडा कमी झाला.

शेवट मी ठरवला आहे, पण आत्ता सांगत नाही. बसवंत गेल्यावर डब्यांचं काय करणार? दुसरा ड्रायव्हर बघून ठेव.

राजशेखर

—

लातूर,
१२ डिसेंबर

चि. राजू,

प्रकरणं मिळाली. पाचवं वाचलं. पहारेकऱ्याचं देवाचं नाव घेणं बरोबर हाय.

परवा तनुजा एका परीक्षेत नापास झाली. मधी कुत्रं आडवं आलं म्हणून ती थांबली, आणि मग संपलंच. लोक हसले. ती म्हणते आता पुन्हा जायचं न्हाई. मी बी म्हणाले, बरोबर हाय, ज्याचं काम त्यानं करावं.

ड्रायव्हर शोधून राहिले. इथं सगळं ठीक.

महानंदाअक्का

—

नांदेड,
१७ डिसेंबर

महानंदाअक्कास, शरणार्थ.

तुझं पत्र इतकं छोटं की मी पाकिटात आणखी कागद अडकला आहे का ते दोनदा पाहिलं.

तनुजाचं वाचून वाईट वाटलं. धावण्याच्या मैदानावर कुत्रा येतो आणि शिक्षा मुलीला, हा कुठला न्याय? तिने अर्ज करायला हवा. मसुदा मी लिहून देतो. आणि थांबली यात तिचं काय चुकलं? धावत राहून कुत्र्यावर पाय दिला असता तर? तिला माझ्याकडून एवढंच सांग, की मला तिचा आदर वाटतो.

सोबत शेवटचं प्रकरण पाठवतो आहे. अशा वेळी पाठवावं की नाही, हे ठरवायला दोन दिवस घेतले. पण प्रकाशकाला जानेवारीअखेर हस्तलिखित हवं आहे.

थोडक्यात असं होतं. काजळी उत्तरेकडून येते आहे अशी बातमी येते. नभपती सगळ्या घारी उत्तर दरवाजाकडे काढतो. रेवा नेहमीप्रमाणे मागे दिवा धरून उभी. तिला दिसतं, की दिव्याची ज्योत एका बाजूला कलते आहे. म्हणजे वारा दक्षिणेकडून आत येतो आहे. तटाला तिकडे फट पडली आहे. पण उमेदवाराने हुकूम द्यायचा नाही. तिचं कोणी ऐकत नाही. शेवटी ती एकटी घार घेऊन जाते, घारीसकट त्या फटीत शिरते आणि ती बुजवते. किल्ला वाचतो. रेवा परत येत नाही. सकाळी नभपती स्वतः तिचा दिवा उचलतो, आणि पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारतो.

लिहून झाल्यावर माझे डोळे भरून आले. हे चांगलं लक्षण आहे की वाईट, मला कळत नाही. तू सांग.

राजशेखर

—

लातूर,
२१ डिसेंबर

राजशेखर,

वाचलं. पोरी रडल्या. गोळाफेकवाल्या सगळ्यात जास्त रडल्या. तुला हेच पायजे होतं ना?

मला राग आलाय. तो का आलाय हे मला बी नीट माहीत न्हाई, म्हणून जसं सुचंल तसं लिहिते. त्या पोरीला फट दिसली. तिला बोलायला बंदी. मग ती मेल्यावर त्या दाढीवाल्या नभपतीनं तिला नावानं हाक मारली. मेलेल्या माणसाला नावानं हाक मारून काय उपयोग? जिवंत होती तवा "दिवा धर". आणि वाचणाऱ्या पोरींनी ह्यातून काय घ्यायचं? की नवशिक्यानं गप बसावं, आणि बोललंच तर मरावं?

मला वाटलं होतं तू तिला पहारेकरी करशील. मी रोज रात्री भांडी घासताना तेच बघून राहिले होते.

असू दे. तुझं पुस्तक हाय. बदल म्हणून म्हणत न्हाई.

महानंदाअक्का

ता. क. सर, नमस्कार. मी तनुजा. काकूंनी हे पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं, ते मी उघडून हे लिहून राहिले. माफ करा, पण तुमची फसवणूक झालीय. मी कुठंच नापास झाले न्हाई. माझी भरती अजून व्हायचीय, वय वीसच हाय आणि मला कुत्र्याची भीती न्हाई. मी तुम्हाला एकबी प्रश्न विचारलेला न्हाई. ते सगळं काकूंचंच हाय. बसवंतदादा जाणार म्हणून काकू दोन महिन्यांपासून छोटा हत्ती चालवायला शिकून राहिल्या. आरटीओच्या मैदानावर परीक्षेला गेल्या होत्या, तिथं कुत्रं आलं. आता गाडीची किल्ली देवघरात ठेवलीय आणि ड्रायव्हर शोधतात. पण मिळणारे सगळे ड्रायव्हर चाखल्याशिवाय डबा सोडत न्हाईत. आम्हा सगळ्यांना वाटतं काकूंनी पुन्हा जावं. आमचं ऐकत न्हाईत. म्हणतात रेवाचं काय झालं बघा. काहीतरी करा. मी सांगितलं हे सांगू नका. — तनुजा

—

नांदेड,
२६ डिसेंबर

महानंदाअक्कास, शरणार्थ.

तनुजाने मला काय सांगितलं ते मी तुला सांगणार नाही, असं लिहायला बसलो होतो. पण ते न सांगता या पत्रातलं एकही वाक्य खरं राहत नाही. तेव्हा : मला कळलं आहे. तिला रागावू नकोस. नव्या माणसाला बोलू द्यायचं, हा रिवाज तुझाच.

धावण्याच्या मैदानावरच्या कुत्र्यासाठी मी अर्जाचा मसुदा खरोखरच लिहिला होता. तो फाडून टाकला.

आता कामाचं. तुझं पत्र आल्यापासून मी रोज एकच प्रश्न स्वतःला विचारतो आहे. तुला वाईट वाटलं म्हणून रेवाला जिवंत केली, तर ती दया होईल. वाचणाऱ्याला दया लगेच कळते. तुलाच आधी कळेल. त्यामुळे नुसतं तुझ्यासाठी मी शेवट बदलणार नव्हतो. पण मग दुसरा प्रश्न आला : आधी तिला मारली ती तरी खरेपणाने मारली का? काल रोजनिशीत त्याचं उत्तर लिहिलं आणि वाचून लाज वाटली. मला शेवट सुचत नव्हता. पात्र मेलं की वाचक गप्प होतात, आणि गप्प झालेले वाचक मला आदराने गप्प झाल्यासारखे वाटतात. बस. एवढंच कारण होतं.

तेव्हा तिचं मरणं तर रद्द. पण तिला नुसती बढतीही द्यायची नाही. मी तुझ्या मेसकडून एक नियम उचलतो आहे, परवानगी दे. नभकोट दलात उमेदवाराला एक हुकूम देता येईल. फक्त एक शब्द : "थांबा." उमेदवार तो म्हणाला, की नभपतीपासून सगळ्यांनी थांबायचं आणि बघायचं. कारण तुझ्या आमटीचंच : जुन्यांना किल्ल्याच्या वाऱ्याची सवय झालेली असते. ज्योत कलली हे नव्या माणसाच्याच डोळ्यांना दिसतं.

इथपर्यंत लिहिलं. रेवा "थांबा" म्हणाली. सगळ्या घारी थांबल्या. आणि आता मी अडलो आहे, अक्का. सगळे थांबल्यावर पुढे काय होतं, हे मला माहीत नाही. मी आयुष्यात कधी भर रस्त्यात कुणाला थांबवलेलं नाही. तू थांबली होतीस. सगळे बघत होते. तेव्हा नक्की काय झालं, ते सांगशील? वाईट वाटणार असेल तर सांगू नकोस. पुन्हा परीक्षेला जा असंही मी म्हणत नाही. तो तुझा प्रश्न आहे. मला फक्त पुढची दोन पानं लिहायची आहेत.

राजशेखर

—

लातूर,
२ जानेवारी २०२५

चि. राजू,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तनुजाला मी रागावले, मग तिला दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. हिशोब मिटला.

तू विचारलंस म्हणून सांगते. हे मी बसवंतला सोडून कोणालाच सांगितलेलं न्हाई.

त्या मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यावरून गाडी फिरवायची असती. अर्धा आकडा छान झाला. बसवंत बाहेरून हात जोडून उभा. मधीच एक कुत्रं आलं आणि आकड्याच्या पोटात अंग टाकून झोपलं. मी ब्रेक मारला. गाडी थांबली आणि बंदही पडली. मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, उतरा, घरी भाजी करपंल!" मग सगळे हसले. कुत्रं उठून निघून गेलं. माझे कान असे तापले, की मी दार उघडलं आणि उतरून चालायला लागले. बसवंत मागून "अक्का, अक्का" करत पळाला.

आता लपवलेलं सांगते. मी तुला लिहिलं की थांबली म्हणून नापास झाली. तसं न्हाई. तो परीक्षा घेणारा साहेब मला म्हणाला होता, "थांबलात ते बरोबर केलंत ताई. आता पुन्हा चालू करा." हे मी ऐकलं होतं. ऐकून बी उतरले. थांबल्यामुळं कोणी नापास केलं न्हाई, राजू. पुन्हा चालू केली न्हाई, म्हणून मी नापास झाले.

तेव्हा थांबल्यावर काय होतं, तर काहीच होत न्हाई. कुत्रं उठून जातं. सगळे तुझ्याकडं बघतात. तू येडी दिसतीस. आणि मग किल्ली फिरवावी लागती, क्लच दाबावा लागतो, आणि त्याच हसणाऱ्या लोकांपुढं हळूच सोडावा लागतो. तेच अवघड. तुझ्या रेवाला तेवढं सांग.

हे तुला लिहायचं म्हणून मनात जुळवत होते आणि येळवस, म्हणजे तुमची वेळ अमावस्या, आली. तुमच्या नांदेडला त्याचं एवढं न्हाई, पण आमच्याकडं त्या दिवशी लातूर ओस पडतं, सगळे आपापल्या रानात जेवायला. पोरी बसनं पुढं गेल्या. मागं राहिले मी, बसवंत, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि आंबिलाचं मडकं. मी देवघरातनं किल्ली काढली. बसवंत म्हणाला, "अक्का, मडकं हाय मागं." मी म्हणाले, "म्हणूनच." औशाच्या अलीकडं आमच्या शेतापर्यंत मी चालवली. मधी दोनदा बंद पडली. दोन्हीदा चालू केली. एकदा तर मागं ऊसाचा ट्रॅक्टर कर्णा वाजवून राहिला, मी काच खाली करून म्हणाले, "थांब की बाबा, शिकून राहिले!" तो खरंच थांबला. वर म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मावशी."

रानात पोचल्यावर पोरींनी मडक्यात डोकावून बघितलं. आंबील सांडलेलं नव्हतं. तनुजानं मडक्यालाच नमस्कार केला, टवाळ कुठली.

पुढच्या गुरुवारी, नऊ तारखेला, पुन्हा परीक्षा हाय. कोणाला सांगू नकोस. म्हणजे तुला सांगायला माणसंच न्हाईत, तरी.

महानंदाअक्का

—

नांदेड,
८ जानेवारी

महानंदाअक्कास, शरणार्थ.

हे पत्र तुला परीक्षेआधी मिळणार नाही, हे ठाऊक असूनच आज टाकतो आहे. मिळालं असतं, तर मी ते तुला धीर द्यायला लिहिलं असं झालं असतं. आता ते फक्त पुस्तकाबद्दल आहे.

शेवट झाला. शिकायच्या घारीत दिवा धरून बसलेली रेवा म्हणते, "थांबा." सगळ्या घारी थांबतात. नभपती विचारतो, "काय दिसलं?" ती दिवा पुढे करते, आणि नेमकी तेव्हा ज्योत सरळ उभी असते. सगळे हसतात. एक नाईक म्हणतो, "उमेदवार, उतर. दिव्यात तेल घाल." ती घारीचं दार उघडते, एक पाय खाली टाकते. इथे मी दोन दिवस थांबलो. मग ती तो पाय परत आत घेते. क्लच दाबते. घार एकदा बंद पडते. दुसऱ्यांदा चालू होते. आणि ती हळूच, हसणाऱ्यांच्या देखत, दक्षिणेकडे वळते. तिच्या मागे आधी एकच घार येते : तिला शिकवणारा तो पहारेकरी, देवाचं नाव घेत. मग बाकीच्या.

फट सापडते. ती बुजवायला सगळं दल लागतं, एकटी रेवा पुरली नसती. हे मला आधी कसं कळलं नाही?

बढती मी तिला दिलेली नाही. शेवटच्या पानावरही ती उमेदवारच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नभपती रांगेपुढे येतो आणि म्हणतो, "रेवा, आज ज्योत कशी आहे?" एवढंच. आता मला रडू आलं नाही. हसू आलं. यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

अठराला शनिवारी मी लातूरला येतो. मुलींना शेवट मीच वाचून दाखवीन. निकाल फोनवर सांगू नकोस. मला तो कोणाच्या तरी चेहऱ्यावर बघायचा आहे.

राजशेखर

—

लातूर,
२१ जानेवारी

चि. राजू,

सुखरूप पोचलास ना? रविवारी बसमध्ये बसवून दिलं तवा तुझा चेहरा अजून पांढराच होता. एवढी भीती? मी तुला शनिवारी स्टँडवर घ्यायला आले, तर लोक भावाच्या गळ्यात पडतात, तू गाडीत बसण्याआधी म्हणालास, "अक्का, परवाना दाखव." दाखवला. मग तू दोन्ही बाजूंनी वाचलास. मग बसलास आणि खानावळीपर्यंत समोरची दांडी धरून डोळे मिटून होतास. बसवंत म्हणतो, त्याची परंपरा पुढं चालू राहिली.

पोरी अजून त्या पायाबद्दल बोलून राहिल्या. तू वाचताना "एक पाय खाली टाकते" म्हणून थांबलास, तवा गोळाफेकवाली ओरडली ना, "आत घे गं तो पाय!" तिचा अजून आवाज बसलाय. सोमवारी सकाळी पळायला जाताना पोरी एकमेकींना "ज्योत कशी हाय?" विचारत होत्या. आता ती सवय लागणार.

पण राजू, एक गोष्ट तुझ्या तोंडावर बोलले न्हाई, कारण तू पाहुणा होतास. आता पत्रात बोलते. पत्राचा हाच फायदा, असं तूच म्हणाला होतास.

त्या रात्री मेसमध्ये सगळ्यात नवं कोण होतं? तू. रिवाजाप्रमाणं पहिला घोट कोणाला दिला? तुला. सगळ्या पोरी तुझ्या तोंडाकडं बघून राहिल्या. नव्या माणसाच्या खऱ्या बोलण्यावर अख्खं पुस्तक लिहिणारा माणूस! आणि तू वाटी खाली ठेवलीस, रुमालानं मिशी पुसलीस आणि म्हणालास, "उत्तम."

आमटीत मिठाचा खडा नव्हता, राजू. परवान्याच्या आनंदात मी मीठ टाकायचंच विसरले होते. चाळीस पोरींनी ती अळणी आमटी खाल्ली, तुझ्या 'उत्तम'चा मान राखायला. तनुजानं तर दोनदा मागून घेतली, तुझ्याकडं बघत बघत. तू गेल्यावर ती म्हणाली, "काकू, सरांची उमेदवारी वाढवा."

म्हणून सोबत एक वस्तू पाठवून राहिले. माझ्या गाडीच्या काचेवरची लाल 'एल'ची पाटी. मला आता तिची गरज न्हाई. लिहायच्या टेबलासमोर लाव. कधी काढायची ते आम्ही ठरवू.

बसवंत पाडव्यानंतर खुशाल जाऊ दे. डबे मी पोचवते.

महानंदाअक्का

—

(पोस्टकार्ड)

नांदेड,
२५ जानेवारी

महानंदाअक्कास, शरणार्थ.

पाटी लावली आहे. तिच्याकडे बघत एका वाक्याचे चार मसुदे केले. पहिल्यात "किंचित" होतं, दुसऱ्यात "कदाचित माझ्याच जिभेचा दोष", तिसऱ्यात "बाकी सगळं छान होतं". तिन्ही फाडले. हा चौथा :

थांबा. आमटीत मीठ नव्हतं.

उमेदवार राजशेखर